एकवीस दिवस अळणी

कारखान्याच्या सायकल स्टँडला लागून एक फळा होता. कोणाला पंखा विकायचा आहे, कोणाची डब्याची पिशवी सापडली आहे, असल्या चिठ्ठ्या त्यावर डकवलेल्या असत. त्या वर्षी एप्रिल संपता संपता तिथं एक टाइप केलेली यादी लागली, शर्यतीत नाव दिलेल्यांची. सातव्या ओळीत मी होतो. अकराव्या ओळीत तो होता.

मी यादी पुन्हा वरपासून वाचली. मागं उभा असलेला एक जण म्हणाला, "काय रे, पास झाला का? पेढे कवा?" मी हसलो. पावणेसात वर्षं तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि आता आम्ही एकाच दिवशी एकाच पाण्यात उतरणार होतो. शर्यतीत कितवा येतो याच्याशी मला त्या क्षणापासून काही देणंघेणं उरलं नाही. त्यानं माझ्याशी एक शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं.

शर्यत काढली होती परदेशात जाऊन आलेल्या एका साहेबानं. तिकडं माणसं आधी पोहतात, मग सायकल हाणतात, मग पळतात, आणि मध्ये चहासुद्धा घेत नाहीत, असं तो सांगायचा. औद्योगिक वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांच्या क्रीडा मंडळांनी मिळून तसंच करायचं ठरवलं. पैठणला जायकवाडीच्या पाण्यात तीन किलोमीटर पोहायचं. तिथून सायकलनं औरंगाबाद गाठायचं (तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणत होतो), जालना रोडनं तसंच पुढं करमाडपर्यंत जाऊन मागं चिकलठाण्याला यायचं, सायकल टाकायची आणि क्रांती चौकापर्यंत पळत जाऊन पुन्हा चिकलठाण्याला परतायचं. 'ट्रायथलॉन' हा शब्द काही आमच्या जिभेवर बसला नाही. आम्ही तिला तिहेरी म्हणायचो. आणि दिवस निवडला तो मे महिन्यातला. का, तर कारखान्यांची वार्षिक दुरुस्तीची बंदी तेव्हा असते, सगळ्यांना सुट्टी. मराठवाड्यातला मे महिना साहेबाला बहुतेक कॅलेंडरवरच माहीत असावा.

तो आणि मी एकाच गावचे, गंगापूर तालुक्यातले. आम्ही मेंढरं राखणारे. घर गावात, पण माय-बा वर्षातले आठ-नऊ महिने कळपाबरोबर बाहेर. तो बौद्धवाड्यातला. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो, पुढं आयटीआयला एका वर्गात, आणि मग चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकाच भट्टीवर लागलो. तेव्हा जालना रोडला रोज नवी चिमणी उभी राहत होती. हाताला कौशल्य असलेल्या पोराला कोणी जात विचारत नव्हतं, निदान गेटच्या आत तरी.

मी पोहायला शिकलो गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. त्याला त्या विहिरीत उतरता येत नव्हतं. का, ते मला कोणी सांगावं लागलं नाही, आणि आज लाज वाटते ती याची, की तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही. तो शिकला गोदावरीच्या डोहात, ओढीच्या पाण्याशी झगडत. त्यामुळं तो पोहायचा बाणासारखा सरळ आणि मी पोहायचो गोल. विहिरीत वाढलेल्या माणसाला सरळ जायची सवयच नसते, चार हात मारले की वळायचं. चिकलठाण्यामागं एक जुनी खदान होती, पावसाळ्यात भरायची आणि संक्रांतीपर्यंत पाणी टिकायचं. रविवारी आम्ही तिथं जायचो. मी पाण्याच्या मध्यापर्यंत जाऊन हळूहळू वळायला लागलो, की तो काठावरून ओरडायचा, "ए, इथंबी इहीर शोधतो व्हय रं? सरळ ये की, काठ हिकडं हाय!"

भट्टीवरचं काम म्हणजे वितळलेलं लोखंड पळीत घेऊन साच्यापर्यंत न्यायचं. अंगातून घाम नुसता वाहायचा. खात्यात मिठाच्या गोळ्यांचा एक डबा असे, पाण्याबरोबर दोन-दोन घ्यायच्या, नाही घेतल्या तर पायात गोळे यायचे. त्याचा त्या गोळ्यांवर विश्वास नव्हता. तो रुमालाच्या टोकाला खडेमीठ बांधून कमरेला खोचायचा आणि एकेक खडा चघळायचा. मी त्याला सांगितलं, आमचा बा पण माळावर सपाट दगड मांडतो, त्यावर मीठ ठेवतो, आणि मेंढरं येऊन चाटतात. त्यानं लगेच तळहातावर खडा ठेवून हात माझ्या तोंडापुढं धरला. "मग ये, चाट. हुर्रर्र, ये, ये." सगळं खातं हसलं. मीही चाटला.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्या पोटरीत गोळा आला तेव्हा मी जमिनीवर पडून पाय पोटाशी घेतला होता. त्यानं माझा गुडघा दाबून पाय सरळ केला आणि अंगठा धरून माझ्याकडं ओढला. "पाय जवळ घ्यू नको, गोळा आजून घट्ट हुतो. अंगठा वढ, अंगठा. टाच फुडं रेट." ती कळ उतरतानाचं सुख मला अजून आठवतं. मित्र म्हणजे काय असं कोणी विचारलं तर माझ्या डोळ्यांपुढं तोच हात येतो, काळ्या नखांचा, माझा अंगठा घट्ट धरलेला.

आता माझी चूक सांगतो.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत मंजूर झाला आणि इकडं मराठवाडा पेटला. आमच्या गावानं बौद्धवाड्याला आधी किराणा बंद केला, मग पिठाची गिरणी, मग मजुरी. ज्यांनी बंद केलं त्यांची मुलं विद्यापीठाच्या वाटेलाही कधी गेली नव्हती. शेजारच्या गावांतून जाळपोळीच्या बातम्या यायला लागल्या. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन बसला. डबा उघडला नाही.

"माय अन् दोघी बहिनींना चार रोज तुझ्या बाच्या वाड्यावर ठिवू का?" तो म्हणाला. "तिकडं माळावर कोनी बघायला येत नाय."

आमचा वाडा म्हणजे काही घर नव्हे. गावापासून दोन कोसांवर माळावर जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाहेर घोंगड्यांचं पाल आणि तीन दगडांची चूल. पण तिथं खरंच कोणी बघायला आलं नसतं.

मी म्हणालो, "बाला इचारून सांगतो."

"आज सांग."

"आज सांगतो."

एवढंच बोलणं झालं. मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो, तर तो दुसरीकडं सोय बघायला मोकळा झाला असता. सुट्टी झाल्यावर मी सायकल काढली, गावाच्या रस्त्याला लागलो, आणि वाटेत डोक्यात आलं की आमची चराई गावाच्या मर्जीवर आहे. कोणी कळवलं तर? बाची मेंढरं कुठं जातील? मी एका हॉटेलात चहा घेतला, सायकलची चेन उगाच साफ केली आणि खोलीवर परत आलो. उद्या जाऊ म्हटलं. तो माझ्या उत्तराची वाट बघत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची घरं पेटवली.

माणसं वाचली. त्याची माय दिवसभर उसाच्या फडात बसून होती, धाकटीच्या तोंडावर हात ठेवून. मग तिघी चालत शहरात आल्या. चौथ्या दिवशी तो कारखान्यात आला तो हिशेब मिटवायलाच. मी त्याच्या वाटेत उभा राहिलो. त्यानं एक शिवी दिली असती तर मी ती जन्मभर जपून ठेवली असती. पण तो बाजूनं निघून गेला. पुढं त्यानं दुसरा कारखाना धरला. कधी बसच्या खिडकीत दिसायचा, कधी सिडकोच्या बाजारात. एकदा मी त्याच्या कारखान्याच्या सायकल स्टँडवर त्याच्यापर्यंत जाऊन पोचलो होतो. त्यानं सायकलचं कुलूप काढलं, वर बसला आणि गेला. माफी मागायची म्हणजे आधी झालेलं तोंडानं उच्चारावं लागतं, आणि माझं तोंड तिथंच बंद पडायचं.

यादी लागली त्या दिवशी मी अळणी धरलं.

आमच्यात तशी रीत आहे. मनातली एखादी गोष्ट व्हावी म्हणून देवाला सांगून मीठ सोडायचं. ती होईस्तोवर भाजी, वरण, चटणी सगळं अळणी खायचं. बायका धरतात हे, पुरुष फारसे त्या भानगडीत पडत नाहीत, कारण पुरुषाला कालवणात मीठ कमी लागलं तरी तो ताट सरकवतो. मी बिरोबाला सांगितलं, तो माझ्याशी एक शब्द बोलेपर्यंत माझ्या जिभेला मीठ लागणार नाही. शर्यत एकवीस दिवसांवर होती. भट्टीवर काम करणाऱ्या, पहाटे सायकल हाणणाऱ्या आणि संध्याकाळी विमानतळाच्या धावपट्टीच्या कुंपणाकडेनं पळणाऱ्या माणसानं मे महिन्याच्या तोंडावर मीठ सोडायचं म्हणजे अक्कल गहाण टाकण्यातलाच प्रकार. पण तेव्हा मला ते फार थोर वाटत होतं.

पहिले चार दिवस जेवण घशाखाली उतरत नव्हतं. आठव्या दिवसापासून सवय झाली, आणि त्यानंतर पाय दुखायला लागले. मुकादम खात्यात गोळ्या वाटायचा, त्या मी खिशात टाकायचो. सुट्टीच्या दिवशी सायकलनं वाड्यावर गेलो, तेव्हा मायनं धुवायला सदरा घेतला आणि खिशातून मूठभर गोळ्या निघाल्या.

"औषिद हाय का हे? काय झालंय तुला?"

"मीठ हाय."

ती भिजलेला सदरा हातात घेऊन तशीच बसली. मी सकाळी लोणचं बाजूला सारलं होतं ते तिला आठवलं असणार. "कोनासाठी धरलंय?"

मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही. दोस्तांचं बिनसलं, एवढंच तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "तुझी शर्यत हुईस्तवर सोड, मंग पुन्यांदा धर. देव काय घड्याळ लावून बसला नाय."

"नाय सोडायचं."

"मोठा भीष्म लागून गेला," असं म्हणून ती सदरा आपटायला लागली.

शर्यतीच्या दिवशी उजाडताना आम्ही तीस-पस्तीस जण पैठणला काठावर उभे होतो, कोणी लंगोटात, कोणी हाफ पँटमध्ये. तो मला लगेच दिसला. पाठ पूर्वीपेक्षा रुंद झाली होती. कमरेला रुमाल तसाच खोचलेला, टोकाला गाठ. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पाण्याकडं पाहिलं. शिट्टी झाली.

एवढं मोठं पाणी मी कधी पोहलो नव्हतो. तो सरळ निघाला, आणि मी त्याच्या मागं राहायचं ठरवलं होतं, पण माझी विहीर माझ्याबरोबर आलेली. पाचशे हात गेलो असेन, तर होडीतला कोळी बांबू आपटून ओरडला, "ओ पाव्हनं, शेवगावला निघाले का?" मान वर केली तर सगळी माणसं उजवीकडं आणि मी पलीकडच्या जिल्ह्याच्या दिशेनं एकटा. मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. तो ऐकून हसला असेल का, हा विचार करत मी परत वळलो. पाण्याबाहेर आलो तेव्हा त्याची सायकल जागेवर नव्हती.

बिडकीनपर्यंत ऊन सोसण्यासारखं होतं. पुढं डांबर मऊ झालं आणि टायरला चिकटून चर्र आवाज यायला लागला. रस्त्याकडेच्या हॉटेलातली माणसं उठून बघायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन वारलं का रं, येवढी घाई?" थांब्याथांब्यावर पोरी-बायांनी पाण्याचे तांबे धरले होते, आणि मी प्रत्येक तांब्या रिकामा करत होतो. जितकं प्यायचो तितकं अंग पोकळ वाटायचं. माझ्या पुढं एक जाडसा फिटर सायकल मारत होता, त्याच्या बनियनवर घामाचे पांढरे नकाशे उमटले होते. मी माझ्या बनियनकडं पाहिलं. नुसतंच ओलं होतं. माझ्या अंगात बाहेर यायलाही मीठ उरलं नव्हतं.

करमाडच्या अलीकडं तो समोरून आला, वळसा घेऊन परत निघालेला. पुढून दुसरा होता. मी हँडलवरचा हात उचलला. त्याचा हातही हलला असं मला वाटलं, पण खड्डासुद्धा असू शकेल. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. "बोल ना," मी मोठ्यानं म्हणालो, तोवर तो मागं गेला होता.

चिकलठाण्याला सायकल टाकून उतरलो, तेव्हाच डाव्या पोटरीत कोणी आतून चिमटा काढल्यासारखं झालं. दुर्लक्ष करून पळत सुटलो. वर सूर्य डोक्यावर, खाली सडक तापलेली. मुकुंदवाडी मागं पडली. सिडकोची नवी घरं लागली, विटांचे ढीग, अर्धवट भिंती, सावलीचं एकही झाड नाही. मग लिंबाचं एक लागलं. त्याच्याखाली एक म्हातारे चाचा सरबताची गाडी लावून उभे होते. त्या पट्ट्यातलं पाणी वाटायचं काम शर्यतवाल्यांनी त्यांच्यावरच सोपवलं होतं. त्यांच्या गाडीपासून दहा पावलांवर माझ्या दोन्ही पोटऱ्या एकदम दगड झाल्या.

मी आडवा पडलो. पोटऱ्यांमागून मांड्या गेल्या, मग बरगडीखाली एक गोळा फिरायला लागला, मग हाताची बोटंसुद्धा आत वळून घट्ट झाली. मी ओरडत होतो की नाही ते आठवत नाही. चाचा तांब्या घेऊन धावत आले, माझं डोकं उचलून म्हणाले, "पानी पी, बेटा, पानी पी." मी प्यालो आणि पोट आणखीच आवळलं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून पावलं आली. तो क्रांती चौकाहून परत निघाला होता, अजून दुसराच. रस्ता ओलांडायची त्याला काही गरज नव्हती. त्यानं ओलांडला. माझ्या पायाशी बसला, गुडघ्यावर हात दाबून पाय सरळ केला, बुटाची नाडी सोडली, बूट काढून फेकला आणि माझा अंगठा धरून ओढला. आधी डावा. मग उजवा. त्याच क्रमानं, त्याच जोरानं. त्याच्या हनुवटीवरून घाम माझ्या नडगीवर पडत होता. मी वाट बघत होतो. आता म्हणेल, 'अंगठा वढ.' तेवढं म्हणाला तरी चालेल.

तो काही म्हणाला नाही. कमरेचा रुमाल काढला, दातानं गाठ सोडली आणि दोन खडे माझ्या ओठांपाशी धरले.

मी तोंड मिटून घेतलं. त्याला काय ठाऊक? त्याला वाटलं असेल, याच्या हातचं नको म्हणून मिटलं. हे मला फार पुढं सुचलं आणि तेव्हापासून ते मला छळतं. त्या घडीला मी एवढंच म्हणालो, "आधी बोल. एक शिवी दे. कायबी बोल." त्यानं माझ्याकडं पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि अंगठ्यानं माझा ओठ खाली करून खडे आत सारले. मेंढराला सारतात तसे. जिभेला मीठ लागलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते खडे चोखले. थुंकलो नाही. एकवीस दिवसांचं अळणी तिथं सडकेवर मोडलं.

तो उठला. रुमालाची गाठ पुन्हा बांधून कमरेला खोचली. मग चाचांकडं वळून म्हणाला, "चाचा, इसको खाली पानी नक्को पिलाओ. नमक डालके देव." आणि चिकलठाण्याकडं पळत निघाला. तो माझ्यापाशी बसला होता तेवढ्यात दोघं जण त्याच्या पुढं गेले होते.

मी मीठ घातलेलं सरबत पीत अर्धा तास त्या लिंबाखाली होतो. मग चालत क्रांती चौकात गेलो आणि चालतच परत आलो. वाटेत दोनदा कोणी सायकलवर घेतो म्हणालं, नको म्हटलं. चिकलठाण्याच्या मैदानावर पोचलो तेव्हा मांडववाले बांबू काढत होते. टेबलावरच्या माणसानं माझं नाव शेवटच्या ओळीत लिहिलं. तो चौथा आला होता. सायकली टाकल्या होत्या त्या भिंतीपाशी गेलो. तिथं माझीच एक उरली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघून वाड्यावर गेलो. मायनं पहिलंच विचारलं, "बोलला का?"

मी सगळं सांगितलं. ती विचार करून म्हणाली, "बोलला की. मीठ घालून द्या म्हनाला."

"चाचाला म्हनाला. मला नाय."

"पन तुझ्याचसाठी म्हनाला ना? देवाला येवढं कळतं. खा आता." आणि तिनं वरणात मीठ टाकलं. मी तिचा निकाल मानला, अर्धा. तेव्हापासून जेवताना पहिला घास मी अळणी खातो. पुढं लग्न झालं, बायको दोन वर्षं कारण विचारत राहिली, मग न विचारता मीठ टाकायच्या आधी वाटीभर वरण काढून ठेवायला लागली.

बा बाजूला घोंगडीवर बसून मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "त्या पोराचं तू केलंस काय पर येवढं?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते तोंडानं सांगितलं. चहा, चेन, सगळं. बाचा हात थांबला.

"माझ्या वाड्यावर?" तो म्हणाला. "आरं, मंग त्यात इचारायचं काय व्हतं? घिऊन यायचं. येवढी मेंढरं निजत्यात, तीन मानसं नसती का निजली?"

तो तेव्हाही असंच म्हणाला असता का? आग विझल्यावर सगळेच शूर असतात, आणि माझा बा काही गावाशी भांडणारा माणूस नव्हता. पण मी विचारून सांगतो म्हणालो होतो. विचारायला पावणेसात वर्षं लागली. उत्तर आलं होतं, आणि ते ज्याला द्यायचं तो माझ्याशी बोलत नव्हता.

आणखी आठ-नऊ वर्षं गेली. बा गेला. कारखान्यात मी सुपरवायझर झालो, पोटऱ्या कधीमधी रात्री वळतात तेवढी एक आठवण उरली. आणि मग एका जानेवारीत विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलं. मी सुट्टी टाकून गेलो. आपलं तिथं काय काम, असं वाटत होतं, तरी गेलो. निळे झेंडे, नवी लुगडी, पेढ्यांचे पुडे, दाराच्या पायरीला हात लावून रडणाऱ्या बाया. मी त्या गर्दीत फक्त पाठी बघत होतो. रुंद, थोडी वाकलेली, एक पाठ शोधत होतो.

तो दिसला नाही. त्याची माय दिसली. कडेला सतरंजी टाकून बसली होती, पांढरंशुभ्र नेसून, शेजारी चपलांचा ढीग राखत. मी पुढं जाऊन उभा राहिलो तर डोळ्यांवर हात धरून बघत राहिली, मग म्हणाली, "मेंढरंवाल्याचा ना तू? बस की. तो गेलाय दारापाशी लेकराला घिऊन. यील."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं पुड्यातला पेढा काढून हातावर ठेवला. म्हटलं, हीच वेळ. उसाच्या फडात हीच बसली होती, उत्तर खरं हिचंच होतं. मी म्हणालो, "माय, बाला इचारलं व्हतं मी. तुमच्यासाठी. व्हय म्हनाला."

कोणत्या विचारण्याबद्दल मी बोलतोय हे तिला कळायला वेळ लागला असेल, किंवा लागला नसेल. मग तिनं विचारलं, "कवा?"

पेढा हातात तसाच राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही, माझ्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला.

मान वर केली तेव्हा तो दिसला. वीस-पंचवीस पावलांवर, खांद्यावर लेकरू, डोक्याचे केस विरळ झालेले. त्यानं मला तिच्याशेजारी बसलेलं पाहिलं होतं आणि तो होता तिथंच थांबला होता. त्याच्या आजूबाजूनं माणसं जात-येत होती. लेकरू आजीकडं बोट दाखवून त्याच्या केसांना हिसडे देत होतं. मी थोडा वेळ बघत बसलो, तो असा पुन्हा बघायला मिळेल की नाही म्हणून. त्याचा दिवस होता, त्याची माय वाट बघत होती, आणि मी उठल्याशिवाय तो येणार नव्हता. म्हणून मी उठलो.